अमेरिका शिकवणाऱ्याचा माफीनामा

एकतीस वर्षं मी अमेरिका शिकवली, आणि माझ्याकडे अजून पासपोर्ट नाही.

मेहकरकडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक पेपर असायचा, त्यात अर्धं इंग्लंड आणि अर्धी अमेरिका. इंग्लंड आमचे दुसरे सर शिकवायचे. अमेरिका माझ्या वाट्याला आली ती निवृत्तीपर्यंत राहिली. नागरी स्वातंत्र्यं, लोकमत, पक्ष आणि निवडणुका अशी चार प्रकरणं. परीक्षेत त्यातली दोन हमखास यायची, आणि कोणती दोन ते गाइडवाल्याला माझ्याआधी ठाऊक असायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्राध्यापक म्हणजे दिवसातून दोन तास बोलून घरी जाणारा सुखी प्राणी. खरं काम जूनमध्ये असायचं. वर्गात मुलं कमी भरली की तासिका कमी होतात, आणि तासिका कमी झाल्या की माणूस 'अतिरिक्त' ठरतो. म्हणून बारावीचा निकाल लागला की आम्ही प्राध्यापक मोटरसायकली काढून गावोगाव विद्यार्थी मागत फिरायचो. कोणी ओट्यावर चहा द्यायचं, कोणी कुत्रं सोडायचं. राज्यशास्त्राला तर कोणी आपणहून येत नसे. 'ज्याले काहीच भेटलं नाही त्याचा विषय,' असं आमचे रसायनशास्त्रवाले म्हणत, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

अशा मुलांना अमेरिका शिकवायची. 'इलेक्टोरल कॉलेज' हा शब्द फळ्यावर लिहिला की दरवर्षी एक तरी हात वर यायचा. "सर, त्या कॉलेजात ॲडमिशन कशानं भेटते?" मग मी सांगायचो की हे कॉलेज म्हणजे इमारत नव्हे, लोक आधी पाचशे अडतीस माणसं निवडतात आणि ती माणसं राष्ट्राध्यक्ष निवडतात. एकदा प्राथमिक निवडणुका शिकवत होतो. पक्षाचा उमेदवार कोण हे तिथं साधे मतदारच मत देऊन ठरवतात, असं म्हटल्यावर जानेफळचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे काका दोनदा तिकिटासाठी झुरून बसले होते.

"म्हंजे तिकीट पब्लिक वाटते?"

"तसंच समज."

"मग तिथं नेत्याच्या बंगल्यावर कोन जाते, सर?"

वर्ग हसला, मीही हसलो. अमेरिकेत निवडणूक लागली की चहाच्या टपरीवर मला भाव यायचा. "सर, कोन येऊन राह्यलं?" विचारणारा माणूस ते सोयाबीनच्या भावाच्या काळजीने विचारत असे, आणि मी तज्ज्ञासारखा गंभीर चेहरा करून चुकीचं उत्तर देत असे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीतला एखादा अनुभव' मागितला तेव्हा आठवली ती एक मुलगी आणि तिचे वडील. हे आधी कुठं लिहिलं नाही.

निवृत्तीच्या साधारण बारा-तेरा वर्षं आधीची गोष्ट. जूनमध्ये विद्यार्थी शोधत मी एका गावात गेलो. जानेफळच्या रस्त्यावरून फाट्याने आत आहे. नाव राहू द्या. विश्वनाथ लहाने नावाचे गृहस्थ वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होते. मेथी, पालक, वांगी पिकवायची आणि बाजारच्या दिवशी मेहकरला आणून विकायची, असं त्यांचं चालायचं. त्यांची मुलगी ज्योती बारावी झाली होती. तिला पुढं शिकवायची त्यांची तयारी नव्हती. रोज एसटीने जाणं-येणं, जवान पोरगी, लोक काय म्हणतील.

"विश्वनाथभाऊ, मी आहे ना तिथं," मी म्हणालो. "तिचं मी पाहीन."

त्यांनी पाण्याचा दांड दुसऱ्या सरीत फिरवला आणि हात पुसत म्हणाले, "तुमी म्हनता तर पाठोतो, सर. आमाले काय समजते, सर. तुमी सांगान ते खरं."

ज्योती पुढच्या बाकावर बसायची. वही घेऊन येणाऱ्या मोजक्या मुलांपैकी ती एक. दुसऱ्या वर्षी लोकमताचं प्रकरण आलं. मी सांगितलं की अमेरिकेत हजारभर माणसांना विचारून सगळ्या देशाचं मत काय असेल याचा अंदाज काढतात. शितावरून भाताची परीक्षा. माणसं मात्र नीट निवडावी लागतात, आपल्या ओळखीची घेऊन चालत नाही.

ज्योती म्हणाली, "सर, मग आपन करून पाहू ना. आमच्या गावात."

मी हो म्हणालो, त्याला एक कारण होतं. त्याच्या आधीच्या निवडणुकीत मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. आम्हा प्राध्यापकांना ती ड्यूटी सुटत नाही. एक म्हातारी बाई यंत्रापाशी जाऊन तशीच उभी राहिली होती. मला हाक मारून म्हणाली, "सायेब, कोनतं दाबू? घरी सांगतलं होतं, पन मी इसरली." मी म्हटलं, आजी, तुमच्या मनाला येईल ते दाबा. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी तिची थट्टा करतोय. शेवटी बाहेर जाऊन मुलाला विचारून यायचं म्हणाली. तसं करता येत नाही, असं मी सांगितलं. मग तिने डोळे मिटून कुठलंसं बटण दाबलं आणि रडवेली होऊन गेली. ती आजी माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

तर आम्ही प्रश्न काढले दोनच. मागच्या निवडणुकीत मत कोणाला द्यायचं हे तुम्ही स्वतः ठरवलं का? आणि ग्रामसभेत तुम्ही कधी बोललात का? हो असेल तर चिठ्ठीवर त्या प्रश्नापुढं गोल, नाही असेल तर फुली. लिहिता न येणाऱ्यालाही ते जमतं. चिठ्ठीवर नाव नाही. घडी घालून पत्र्याच्या डब्यात टाकायची. दर चौथं घर घ्यायचं, आणि त्या घरातल्या बाईची चिठ्ठी पिवळी, माणसाची पांढरी. आठ मुलं, तीन दुपारी. सरपंचांनी पहिल्या दिवशी आम्हाला चहा पाजला. पोरं अभ्यास करतायत म्हणून त्यांना कौतुक वाटलं.

चौथ्या घरातून निघालो तशी पाचव्या घरातली एक बाई कमरेवर हात ठेवून आडवी आली. "तिच्या मताले वजन अन् माझ्या मताले नाई? मले काऊन नाई इचारत?" ज्योती तिला नमुना-निवड समजावत अर्धा तास उन्हात उभी होती. शेवटी तिलाही चिठ्ठी दिली. शास्त्रात बसत नव्हतं, पण मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांत माझा विषय कोणी भांडून मागितला तो तेवढा एकदाच.

डबा वर्गात उघडला. बायकांच्या चिठ्ठ्यांत बहुतेक फुल्याच होत्या, दोन्ही प्रश्नांना. माणसांच्या चिठ्ठ्यांतही पहिल्या प्रश्नाला फुल्या बऱ्याच निघाल्या. एका चिठ्ठीवर फुलीच्या खाली कोणीतरी वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'ईचारल्याबद्दल धन्यवाद.'

ज्योतीने ते सगळं कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं. मथळा दिला, 'आमच्या गावाचं मत कोण ठरवतं?' कोणाचं नाव नाही, पक्ष नाही, आरोप नाही. मी वाचून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि सही केली. एरवी भित्तिपत्रकासमोर कोणी थांबत नसे. त्या दिवशी जिन्यापर्यंत गर्दी होती. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो गावात गेला.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष तालुक्यातले पुढारी. ते गाव त्यांचं हक्काचं, सरपंच त्यांचा माणूस. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. माझ्यासारखेच थकलेले होते आणि त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती.

"सर, तुमची अमेरिका अमेरिकेतच राहू द्या ना," ते म्हणाले. "आजच्या आज ते काढा."

"त्यात चुकीचं काय आहे?"

"चूक-बरोबर मी कुठं म्हटलं? काढा म्हटलं."

तास संपल्यावर व्हरांडा रिकामा झाला तेव्हा मी स्वतः जाऊन टाचण्या काढल्या. शिपायाला सांगता आलं असतं. पण शिपायाने काढताना पाहण्यापेक्षा आपण काढलेलं बरं, असं वाटलं. का, ते आजही सांगता येत नाही.

त्या आठवड्यात वर्गात नेमकं नागरी स्वातंत्र्याचं प्रकरण चालू होतं. अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती: भाषणाचं, छापण्याचं, एकत्र जमण्याचं, गाऱ्हाणं मांडण्याचं स्वातंत्र्य सरकारला हिरावून घेता येणार नाही. मी ती वहीतून वाचून दाखवत होतो. ज्योतीने हात वर केला.

"सर, हे कॉलेजले लागू होते का?"

मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. ही दुरुस्ती फक्त सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. आपली संस्था खासगी आहे, आणि आपण अमेरिकेतही नाही. उत्तर बरोबर होतं. परीक्षेत लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. ज्योतीने ते वहीत उतरवून घेतलं, आणि मला त्या क्षणी फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहिला नसता. पण अध्यक्षांना लेखी काहीतरी हवं होतं, गावात दाखवायला. प्राचार्य म्हणाले, "मुलीचा माफीनामा द्या. घरोघर गेलोच नाही, आकडे मनाने लिहिले, असं लिहून द्या. प्रकरण मिटतं. नाहीतर सर्व्हे कोणाच्या परवानगीने केला म्हणून तुम्हाला नोटीस निघेल. मग मी काही करू शकणार नाही."

म्हणजे तिने किंवा मी. मी घरी आलो आणि दुपारी जेवण झाल्यावर माफीनामा लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे आणि मसुदा लिहिण्यात माझा हात कोणी धरत नसे. बायकोने विचारलं, "काय लिहून राह्यले एवढं?" मी म्हणालो, "एक अर्ज आहे मुलीचा." 'अज्ञानापोटी', 'केवळ कल्पनेने', 'ग्रामस्थांची नाहक बदनामी' असे शब्द त्यात बसवले. दोनदा खाडाखोड करून तिसऱ्यांदा स्वच्छ प्रत काढली.

ज्योतीने तो उभ्याउभ्या वाचला. "मी खोटं काऊन लिहून देऊ, सर? तुमी सोबत होते ना तिथं."

"परीक्षेचा अर्ज अडेल तुझा," मी म्हणालो. तशी धमकी कोणी दिलेली नव्हती. ती मी जोडली.

तिने कागद टेबलावर ठेवला आणि गेली. सही केली नाही. प्राचार्यांनी तोड काढली की पालकाची सही असली तरी चालेल. मी बाजारच्या दिवशी विश्वनाथभाऊंना निरोप पाठवला.

ते भाजीच्या पाट्या फाटकापाशी कोणाच्या तरी भरवशावर ठेवून आले. चपला व्हरांड्याबाहेर काढल्या. मी नको म्हणालो तरी काढल्या. खुर्चीवर बसले नाहीत. मी माफीनामा पुढं केला आणि काय लिहिलंय ते थोडक्यात सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, फक्त सही शिकले होते.

त्यांनी कागदावरून एकदा बोट फिरवलं. मग विचारलं, "म्हंजे पोरीनं खोटं लिहिलं होय, सर?"

टेबलावर पंख्याने कागद हलत होता. मी त्यावर पेपरवेट ठेवला.

"लहान आहे," मी म्हणालो. "या वयात चुका होतात."

"घरी तर म्हने, सर सोबत होते."

मी काहीच बोललो नाही. त्या न बोलण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला. त्यांनी मान हलवली, पेन घट्ट धरून एकेक अक्षर कोरत सही केली, आणि हात जोडले. "तुमी सांभाळून घेतलं, सर. आमची इज्जत ठेवली, सर."

माफीनामा गावात फिरला. चिठ्ठ्यांचा डबा मी कपाटातून काढून रद्दीत दिला. ज्योतीने परीक्षा दिली, पासही झाली. तिसऱ्या वर्षाला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. पत्रिका आली नाही, यायची अपेक्षाही नव्हती. मला नोटीस निघाली नाही. पुढं मी विभागप्रमुख झालो. लोकमताचं प्रकरण मी त्यानंतर नोट्स सांगून संपवायचो, दोन तासांत. मुलांनाही तेच बरं वाटायचं. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना अध्यक्ष म्हणाले, सरांनी कधी कसली तक्रार येऊ दिली नाही. टाळ्या वाजल्या.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, दुपारी दारावर एक बाई आली. खांद्याला कापडी पिशवी, हातात मतदार यादी. बीएलओ होती, म्हणजे मतदारांची नावं तपासायला घरोघर फिरतात त्यांपैकी. अंगणवाडीच्या सेविकांनाही हे काम लावतात. आमच्या भागातली जुनी बीएलओ बदलून ही नवी आली होती. माझं नाव विचारून तिने यादीवर बोट ठेवलं आणि मान वर न करता म्हणाली, "ओळखलं नाही ना, सर?"

आवाजावरून ओळखलं. ज्योती. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. सासर मेहकरचंच, बी.ए. तिने बाहेरून पूर्ण केलं होतं. बायकोने तिला आत बसवून चहा दिला. तिने आमच्या दोघांची नावं तपासली, खुणा केल्या. कप खाली ठेवेपर्यंत मी धीर गोळा करत होतो.

"ज्योती, त्या वेळी माझ्याकडून..."

"राहू द्या, सर."

"नाही. मला तुझी माफी मागायची आहे."

तिने पिशवीची चेन लावली. चिडलेली दिसली नाही. कंटाळल्यासारखी दिसली. एकच गोष्ट फार वेळा मनात घोळवली की माणूस दिसतो तशी.

"माह्याजवळ मागून काय करता, सर? मले तर माहीत होतं काय खरं ते. मी त्या घराघरात गेली होती." ती उठली. "बाबाले सांगा. त्यांले अजून वाटते मी खोटं लिहिलं होतं. मी किती सांगतलं. ते म्हनतात, सरांनी स्वतः लिहून देल्लं, सर कायले खोटं लिहितीन. आता मी बोलतच नाही त्या गोष्टीवर."

तिला पुढच्या घरी जायचं होतं. ती गेली.

मला जायला आठ दिवस लागले. रोज सकाळी काहीतरी काम निघायचं, मीच काढायचो. शेवटी एसटीने गेलो. विश्वनाथभाऊ घरासमोर बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. खूप वाळले होते. मला पाहून लगबगीने उठले. "सर! या, सर. बसा, सर. पानी आन वं," त्यांनी आत सुनेला हाक मारली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"विश्वनाथभाऊ, ज्योतीने लिहिलं होतं ते खरं होतं. मी तिच्यासोबत होतो. चिठ्ठ्या खऱ्या होत्या. खोटं मी लिहिलं होतं, त्या कागदात. माझ्या नोकरीवर आलं होतं म्हणून."

त्यांच्या हातात जुडी तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "मी तवा इचारलं होतं ना तुमाले? सरळ इचारलं होतं."

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

सून पाणी घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तांब्या ओट्यावर ठेवून परत गेली.

"मी तिच्याशी तीन महिने बोललो नाई," ते म्हणाले. "लगनात बी लोकायसमोर तिले खोटारडी म्हनलो. रागात." मग हात पुढं केला. "लावा तिले फोन."

माझ्याकडे तिचा नंबर होता. यादीचं काम असलं तर म्हणून ती देऊन गेली होती. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. ते तो कानाशी धरून उठले आणि गोठ्याच्या मागं गेले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. बोलताना दिसत नव्हते. फक्त डोकं खाली घालून ऐकत होते.

परत आले तेव्हा डोळे पुसलेले होते. फोन माझ्या हातात दिला. ती काय म्हणाली हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते बाजेवर बसले आणि राहिलेल्या जुड्या बांधायला लागले.

"जा आता," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "दोनची गाडी भेटन तुमाले."

'सर' म्हणाले नाहीत. मी फाट्यापर्यंत चालत आलो आणि गाडीची वाट बघत उभा राहिलो.